जुन्या हत्यारांचा संग्रह: पहिली वस्तू घरातूनच

पहिली वस्तू बाजारात जाऊन विकत घेऊ नका. ती घरात शोधा. माळ्यावरची पत्र्याची पेटी, आजोळची पडवी, गोठ्याची वळचण, देवघराखालचा कप्पा, एवढ्या चार जागा पाहिल्या तरी काहीतरी हाती लागतंच: पितळी अडकित्ता, शेवयांचा लाकडी सोऱ्या, करंजीचं कातणं, दांडा गेलेलं खुरपं, धान्य मोजायची पायली. या वस्तूंना बाजारात कदाचित फार किंमत येणार नाही. पण त्यांच्याबद्दल विचारायला घरात अजून कोणीतरी आहे, आणि नवख्या संग्राहकाला याहून मोठं भांडवल मिळत नाही. आजीला विचारा, ही पायली कुणाची, कशासाठी वापरायची, शिगोशीग भरायची की सपाट? तिचं उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवा. वस्तू पुढची शंभर वर्षं टिकेल. ते उत्तर आजीबरोबर जाईल.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी सुतारकामाची, स्वयंपाकघरातली आणि मोजमापाची जुनी साधनं जमवतो आहे. लाकडी कोरीवकामाचेही थोडे नग आहेत. सुरुवातीला जे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहितो.

एक धागा धरा

"जुन्या वस्तू" हा विषय कुणाच्याच घरात मावत नाही. एक धागा निवडा. एखाद्या बलुतेदाराची हत्यारं घ्या: सुताराचा रंधा, लाकूड तासायचा वाकस, पटाशी, गिरमिट, गुण्या; चांभाराची रापी आणि आरी; सोनाराची फुंकणी, सांडशी, ठसे. किंवा एकच वस्तू घ्या, तिचे वेगवेगळे प्रकार जमवा. नुसत्या विळ्या जमवायच्या ठरवल्या तरी देशावरची विळी, खवणी जोडलेली विळी, कोकणातली आडाळी असं वर्षभराचं काम निघतं.

जागा कमी असेल तर मापं घ्या, असं मी आवर्जून सांगतो. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. हा पूर्ण संच एका फळीवर बसतो. शिवाय त्याचा काळ ठरवायला एक पक्की खूण हाताशी आहे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा. ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शेर-पायली अधिकृत व्यवहारातून गेली. त्यामुळे शेरावर सरकारी तपासणीचा शिक्का असेल तर तो त्याआधीचा. शिक्के एकावर एक मारलेले असतील तर ते माप वर्षानुवर्षं दुकानात खरोखर चालत होतं हेही कळतं.

आधी डोळा तयार करा

निदान तीन महिने काहीही घेऊ नका. फक्त पाहा.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. गावोगाव हिंडून त्यांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, भांडी जमवली, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं. पुढे हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तिथे अडकित्त्यांच्या कपाटासमोर तासभर उभे राहा. पहिल्या दहा मिनिटांत सगळे सारखेच वाटतात. मग दांड्याची जाडी, खिळ्याची जागा, पात्याचा उतार डोळ्यांत भरू लागतो. तो तास म्हणजे तुमची पहिली शिकवणी.

गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेलं 'गोवा चित्र' हे शेतीच्या आणि पारंपरिक धंद्यांच्या साधनांचं संग्रहालय आहे. राजवाड्यातलं सोडून राबणाऱ्यांच्या हातातलं जपणारी अशी जागा आपल्याकडे विरळा. मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहा, तिथे कारागिरांच्या धंद्यांचे छोटे मातीचे देखावे आहेत; कोणतं साधन कोणत्या बैठकीत आणि कोणत्या हाताने चालायचं हे त्यांतून समजतं.

संग्रहालयात वस्तू काचेमागे असते. हातात धरलेली पाहायची असेल तर चालू कारखान्यात जा. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर ठोके घालणारे हात अजून आहेत. आणि खंडेनवमीची वाट पाहा. त्या दिवशी सुताराच्या, लोहाराच्या, गवंड्याच्या घरी पेटीच्या तळातलंसुद्धा हत्यार बाहेर येतं, पुसलं जातं, हळदकुंकू लावून पाटावर मांडलं जातं. एरवी ज्याला बोलायला वेळ नसतो तो कारागीर त्या दिवशी निवांत असतो. पूजा होऊ द्या, मग विचारा. मात्र मांडलेल्या हत्याराची किंमत त्या दिवशी विचारू नका. आणि कोणत्याही दिवशी, विचारल्याशिवाय हत्यार उचलू नका, ओलांडू तर मुळीच नका.

कुठे मिळतं

घर आणि नातेवाईक झाले की भंगारवाला. त्याच्याशी ओळख वाढवा, तुम्हाला काय हवं ते एकदा हातात देऊन दाखवा. पितळ आणि लोखंड तो किलोवर घेतो, आणि त्याच्याकडून भट्टीत जाण्याआधी सुटलेली वस्तू म्हणजे खरोखर वाचलेली वस्तू. माझ्याकडची निम्मी मापं अशी आली.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. लवकर जा. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पथारी लागते. दुकानदार जाणकार असतात, भाव तसाच असतो. पथारीवर नशीब आणि नजर दोन्ही लागतं.

वाडे पाडले जातात तिथे कोरीव लाकूड निघतं: दारावरची गणेशपट्टी, महिरप, सुरुदार खांब, तुळईखालचे हस्त. इथे घाई करावीशी वाटते, कारण ट्रक उभा असतो. तरी दोन मिनिटं काढून तुकडा जागेवर असतानाच त्याचा फोटो घ्या. निघाल्यावर खांब कोणत्या सोप्यातला, पट्टी कोणत्या दारावरची, हे कुणालाच आठवत नाही.

सोबत एवढं ठेवा: छोटं भिंग, लोहचुंबक, टॉर्च, मोजपट्टी, मऊ फडकं, वही.

हातात घेतल्यावर काय पाहायचं

जुनेपणाची सगळ्यात विश्वासू खूण म्हणजे झीज, आणि ती योग्य जागी असायला हवी. वापरणाऱ्याचं बोट जिथे टेकतं, कड जिथे घासते, खिळा जिथे फिरतो, तिथेच वस्तू झिजते. नकली जुनेपण आणणारा कारागीर सगळीकडून सारखंच घासतो.

अडकित्त्यापासून सुरू करू. उघडून मिटा. दोन्ही दांडे एका रेषेत येतात का, पातं खालच्या बैठकीवर नेमकं बसतं का? ज्याने कधी सुपारी कातरली नाही असा अडकित्ता शोभेसाठीच ओतलेला असतो आणि त्याची पाती बहुधा जुळत नाहीत. खिळ्याभोवती किंचित सैलपणा हवा, भोक थोडं लांबट झालेलं हवं. दांड्याच्या आतल्या बाजूने, जिथे तळहात दाबतो, तिथली नक्षी पुसट आणि बाहेरच्या बाजूची ठसठशीत, असं असेल तर उत्तम. दोन्हीकडची नक्षी सारखीच ताजी असेल तर थांबा. कोपऱ्यांतला हिरवा थर नखाने खरवडून पाहा: पुडीसारखा झटकन निघाला तर तो रसायनाने आणलेला असण्याची शक्यता मोठी. चुंबक लावा. पितळेला तो चिकटत नाही. सगळीकडे चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. फक्त पात्याला चिकटला तर ते बरोबरच, धार पोलादाची असते.

लोखंडी हत्यारावर गंजाचा रंग बघा. जुना गंज गडद, तपकिरी-काळपट आणि घट्ट असतो. भगवा, बोटाला लागणारा गंज गेल्या पावसाळ्यातलाही असू शकतो, किंवा मिठाच्या पाण्याने आणलेला. विक्रेत्याने तारेच्या ब्रशने चकाकवलेलं हत्यार असेल तर भाव कमी करून मागा. त्याने निम्मी माहिती घासून टाकलेली आहे.

ठसे शोधा. मुंबईच्या गोदीत आणि रेल्वेच्या कारखान्यांत विलायती हत्यारं भरपूर आली आणि तिथून ती बाजारात पसरली. पटाशीवर 'शेफील्ड' आणि 'कास्ट स्टील' असे शब्द कोरलेले दिसतात. हे कास्ट स्टील म्हणजे मुशीत वितळवून केलेलं पोलाद. बेंजामिन हंट्समन याने ती पद्धत अठराव्या शतकाच्या मध्यात शेफील्डला रुळवली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीच्या करवतींच्या मुठीवर पितळी बिल्ला असतो, आणि त्यावरचा मजकूर काळानुसार बदलत गेल्यामुळे करवतीचा काळ बराच जवळ आणता येतो. पण मला याहून मोलाचा वाटतो तो मालकाचा ठसा: मुठीवर खिळ्याने टोचून काढलेलं आद्याक्षर, रंध्याच्या पाठीवर कोरलेला स्वस्तिक, दांड्यावरच्या तीन खाचा. कारखान्यात सगळ्यांची हत्यारं सारखी दिसत, म्हणून प्रत्येकाने आपापली खूण केली. अशी खूण पॉलिश करून कधीही घालवू नका.

स्क्रू असतील तर तेही बोलतात. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकानंतरचे. ते एखाद्या "पेशवाई" पेटीत दिसले तर पेटी नवी किंवा दुरुस्त केलेली. मूळ खिळे हाताने घडवलेले असतील तर त्यांची डोकी एकसारखी गोल नसतात.

आता कोरीव लाकूड. पुढून पाहण्याआधी पाठ पाहा. पुढची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, पाठीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. वाकसाने तासल्याच्या उथळ खळग्या, हातकरवतीच्या थोड्या वाकड्यातिकड्या रेघा दिसल्या तर चांगलं. एकसारख्या कमानदार रेघा म्हणजे गोल पात्याची यंत्रकरवत. नक्षीतली दोन फुलं शेजारी ठेवून तुलना करा. हाताने कोरलेली फुलं बहिणींसारखी असतात, जुळ्यांसारखी नसतात. आजकाल संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेल्या पट्ट्या येतात. त्यांत आतले कोपरे गोलसर राहतात आणि तिरपा प्रकाश पाडला की बारीक समांतर रेघा दिसतात. कातकामाचा गोल नग असेल, एखादा खांब किंवा सोऱ्याचं नळकांडं, तर दोन दिशांनी व्यास मोजा. लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याच्या दिशेने कमी, त्यामुळे जुना गोल नग थोडा लंबगोल झालेला असतो. ही खूण नकली करणं अवघड.

पट्टीला खाचा किंवा कुसू (खाचेत बसणारी टोकं) असतील तर ते कशात बसत होते याचा विचार करा. जुन्या दाराची पट्टी आणि नवं सागवान जोडून केलेला "जुना" आरसा बाजारात पुष्कळ दिसतो. शोभेला घ्यायचा तर घ्या, संग्रहात फक्त पट्टीची नोंद करा.

दगडी हत्यारं: हात लावू नका

"प्राचीन" म्हटलं की पुष्कळांना दगडी कुऱ्हाडी आठवतात, आणि महाराष्ट्रात त्या खरोखर आहेत. प्रवरेकाठी नेवाशाला डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. त्या परिसरात अश्मयुगीन हातकुऱ्हाडीही मिळाल्या आहेत. नदीकाठच्या गोट्यांच्या थरातून पावसाळ्यानंतर अशी हत्यारं उघडी पडतात. ती उचलून घरी आणण्याचा मोह मलाही झालेला आहे. उचलू नका. अशा दगडाचं मोल तो कोणत्या थरात, कशाशेजारी पडला होता यात असतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण त्याच प्रवरेवरचं आहे. दायमाबादला १९७४ साली गावातल्या एका माणसाला झाडाची मुळं खणताना ब्राँझच्या चार भव्य वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारताच्या इतिहासातल्या अत्यंत महत्त्वाच्या शोधांपैकी हा एक, तरीही त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद राहिला, कारण त्या वस्तू शिस्तीत केलेल्या उत्खननात, थरासह सापडल्या नव्हत्या. एवढ्या मोठ्या शोधाची ही गत, तर तुमच्या खिशातल्या दगडाची काय होईल?

असं काही दिसलं तर शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा, मोबाईलवर ठिकाण टिपून घ्या, आणि डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ या गावोगावच्या जुन्या कोरीव दगडांचंही तसंच. ते गावाचे आहेत, गावातच राहू द्या. देवळातली, ग्रामदेवतेच्या थानावरची कोणतीही कोरीव वस्तू कुणी विकायला आणली तर ती घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

कायदा नीट समजून घ्या

या भागात पुष्कळ जण घाबरतात, तर काही जण मुळीच लक्ष देत नाहीत. दोन्ही चुकीचं आहे.

मुख्य कायदा १९७२ सालचा, पुरावस्तू आणि कलानिधीविषयीचा. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षं जुनी वस्तू त्याच्या दृष्टीने पुरावस्तू ठरू शकते. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू बाळगणं गुन्हा नाही. काही प्रकारांची मात्र नोंदणी करावी लागते: दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत, हाड यांतली शिल्पं, लाकडातली शिल्पं, उठावातली आणि सुटी दोन्ही, चित्रं, आणि चित्रं असलेली हस्तलिखितं. म्हणजे साधा रंधा किंवा पायली यांत येत नाही, पण वाड्यातून निघालेली मूर्ती कोरलेली शंभर वर्षांची गणेशपट्टी येऊ शकते. शंका असेल तर फोटो घेऊन पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. नोंदणीकृत वस्तू दुसऱ्याला दिली, अगदी भेट म्हणून किंवा वारसाने, तरी ते कळवावं लागतं.

संग्राहकाला परवाना लागत नाही. पुरावस्तूंची खरेदी-विक्री हा धंदा म्हणून केली तर लागतो. सुरुवातीला दोन-चार नग विकून पैसे उभे करावेत असं वाटतं, तेव्हा ही रेघ लक्षात ठेवा.

परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी: आजीचा शंभर वर्षांचा अडकित्ता बॅगेत घालून न्यू जर्सीला नेता येत नाही. खाजगी माणसाला पुरावस्तूची निर्यात करायला बंदी आहे, आणि शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद अशी आहे. वस्तू जुनी दिसते पण शंभर वर्षांची नाही असं असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. विमानतळावर समजावून सांगण्याच्या भरवशावर जाऊ नका.

जमिनीत सापडलेल्या ठेव्यासाठी वेगळा, १८७८ सालचा कायदा आहे: दहा रुपयांहून अधिक मोलाचं काहीही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक. आणि हस्तिदंताची मूठ, सांबरशिंगाचा दांडा असलेलं हत्यार बाजारात दिसलं तर वन्यजीव कायदा आडवा येतो. ते घेऊ नका.

घासाघीस

एवढंच सांगतो: विक्रेत्याशी करा, वापरणाऱ्याशी करू नका. कारागिराच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या हातून हत्यार घेत असाल तर तो सांगेल ती किंमत द्या. परवडत नसेल तर फोटो काढून, आभार मानून परत या.

साफसफाई

माझा पहिला अडकित्ता पोपटांच्या जोडीचा होता. घरी आणला आणि चिंच-राखेने घासून लखलखीत केला. पोपटांच्या पंखांवरच्या केसाएवढ्या रेघा त्या संध्याकाळी गेल्या. पितळेवरचा तो मऊ, काळसर-सोनेरी रंग यायला साठ-सत्तर वर्षं लागतात, जायला दहा मिनिटं. पितळ फक्त मऊ फडक्याने, फार तर किंचित ओलसर करून पुसा आणि लगेच कोरडं करा. बाजारातली पितळ चमकवायची पूड या कामाला नको. एखाद्या जागी हिरवी पूड वाढत असेल तर लाकडी काडीने ती काढा आणि वस्तू कोरड्या जागी हलवा.

लोखंडाला शिवणयंत्राचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी गोणपाटाच्या तुकड्याने पुसा. असं तीन-चार दिवस करा. सुटा गंज निघतो, घट्ट तपकिरी थर राहतो. तिथे थांबा, तो थर पुढचा गंज रोखायला मदतच करतो. आम्ल वापरू नका. धारही लावू नका: आधीच्या मालकाने कोणत्या कोनात, किती वेळा धार लावली हे पात्याच्या आकारात लिहिलेलं असतं. हत्यार प्रत्यक्ष वापरायचंच असेल तर गोष्ट वेगळी, आणि तोही चांगला निर्णय आहे. मग नीट धार लावा आणि वापरा. फक्त आधी फोटो काढा.

लाकडाला कोरड्या ब्रशने झाडा. सुकून फुटायला आलं असेल तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. एक गोष्ट न विसरता पाळा: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. रंगाचा जुना थर असेल तर तेल नकोच.

बारीक भोकं आणि खाली ताजी पिवळसर भुकटी दिसली तर आत किडा जिवंत आहे. तो नग लगेच बाकीच्यांपासून दूर करा. लहान, न रंगवलेला नग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी उघडण्याची घाई करू नका. पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर लाकडावर दव धरतं.

पावसाळा

आपल्याकडे संग्रहाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदात आम्ल असतं. प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवू नका, आत घाम धरतो. धुऊन खळ काढलेलं मांजरपाट सगळ्यात चांगलं. भिंतीला टेकवून ठेवू नका, बोटभर जागा सोडा. चामडं आणि पितळ एकमेकांना लागू देऊ नका. कोकणात राहत असाल तर लोखंडाला मृग लागायच्या आधी तेलाचा एक हात आणि श्रावणात दुसरा.

वही

बाकी सगळं चुकलं तरी चालेल, वही चुकवू नका. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. चिकटपट्टी लावू नका, डाग राहतो. सुती फितीने छोटी चिठ्ठी बांधा. वहीत क्रमांकासमोर लिहा: स्थानिक नाव, कुठे आणि कुणाकडून मिळाली, तारीख, किंमत, मापं, वजन, खुणा, केलेली साफसफाई. आणि वापरणाऱ्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत. नाव त्यांच्याच बोलीतलं लिहा. सुतार "हत्यार" म्हणतो, शेतकरी "औत" म्हणतो, तुम्ही दोघांनाही "उपकरण" लिहिलंत तर पुढच्या वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

माझ्या वहीतली एकोणिसावी नोंद वाईजवळच्या एका गावातल्या रंध्याची आहे. बाभळीचा, काळा पडलेला, तळाशी पोलादाची पट्टी मारलेला. त्याची झीज मला कळत नव्हती. अंगठ्याची खळी भलत्याच बाजूला होती. म्हातारे मिस्त्री ओट्यावर बसले होते, त्यांना विचारलं.

"आज्याचा हाय ह्यो," ते म्हणाले. "आज्या डावरा व्हता. सगळा गाव त्येला डावरा सुतारच म्हनायचा."

मग रंधा माझ्या हातातून घेऊन त्यांनी तो उलट्या हाताने धरला. अंगठा खळीत नेमका बसला. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. अट एकच घातली: "खंडेनवमीला घरी आला पायजे. पुजंला लागतो."

मिस्त्री आता नाहीत. दरवर्षी अष्टमीला त्यांचा नातू फोन करतो आणि मी रंधा पोचवून येतो. वहीत एकोणिसाव्या नोंदीखाली त्यासाठी वेगळा रकाना आखला आहे: गेला कधी, परत आला कधी. त्यात आतापर्यंत अकरा ओळी झाल्या आहेत.